पाणी आणि सावली दिल्यानंतरही कामगार का कोसळतात

आपण विचारले आहे की, रस्त्याच्या आणि पायाभरणीच्या कामांवर थंड पाणी, सावलीचा मंडप आणि दुपारची सुटी अशी व्यवस्था करूनही दर उन्हाळ्यात कामगारांना चक्कर येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, उलट्या होणे चालूच आहे. तेव्हा नेमके किती तापमानाला काम बंद करावे आणि आपल्याकडून काय करायचे राहून गेले आहे? उघड्यावरील कामांच्या सुरक्षेची जबाबदारी मी २२ वर्षे सांभाळत आलो आहे आणि हा प्रश्न मला बहुतेक प्रत्येक प्रकल्पावर भेटला आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. आपण बाहेरून येणाऱ्या उष्णतेचा बंदोबस्त केला आहे. कामगाराच्या शरीरात कामामुळे तयार होणाऱ्या उष्णतेला मात्र हात लावलेला नाही. ती उष्णता कामाच्या वेगावर ठरते आणि वेग मजुरीवर ठरतो. म्हणून पाण्याच्या पिंपापेक्षा हजेरीपत्रक आणि कामाचा दर यांत अधिक बदल करावा लागेल.

जड काम करणाऱ्या माणसाचे शरीर साधारण ४०० ते ५०० वॉट इतक्या दराने ऊर्जा खर्च करते. तिच्यातला फार थोडा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो. सुमारे चार पंचमांश ऊर्जेची उष्णताच होते. ही उष्णता बाहेर पडूच शकली नाही असे क्षणभर धरले, तर ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीराचे तापमान अवघ्या अकरा-बारा मिनिटांत एक अंशाने चढेल. एरवी ती त्वचेवाटे हवेत निघून जाते, परंतु हवा त्वचेहून गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की हा मार्ग बंद होतो, उलट हवाच शरीराला तापवू लागते आणि घाम वाळणे हा एकच उपाय शरीराजवळ उरतो. तासाला एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर सुमारे ६७० वॉट उष्णता वाहून जाते, आणि एवढी क्षमता जड कामालाही पुरेशी आहे. मात्र घाम वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकणारा घाम शरीरातले पाणी आणि क्षार नेतो, उष्णता जवळजवळ नेत नाही. दमट हवेत नेमके हेच घडते, आणि पृथ्वीच्या तापमानवाढीचा हा पैलू पुरेसा लक्षात घेतला जात नाही: हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते आणि २०२४ या एका वर्षापुरती ही वाढ दीड अंशाच्या वर गेली. सरासरीतील हा आकडा लहान दिसतो. कामाच्या जागेवर मात्र तो अतिशय वाईट दिवसांची वाढलेली संख्या आणि न थंडावणाऱ्या रात्री अशा रूपात येतो.

आता तापमानाच्या आकड्याकडे वळतो, कारण आपली निम्मी अडचण तेथे आहे. मोबाइलवर दिसणारे तापमान हे सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजण्याच्या पद्धतीवर बेतलेले असते. आपला कामगार तापलेल्या खडीवर, उन्हात, कधी कधी वारा न पोहोचणाऱ्या खड्ड्यात उभा असतो. यासाठी अमेरिकी सैन्यातील नवशिक्या जवानांच्या उष्माघातांचा अभ्यास करताना १९५० च्या दशकात जे मोजमाप तयार झाले, तेच आजही सर्वांत उपयोगी आहे. त्याला डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) म्हणतात. त्यात ओल्या कापडाने वेढलेल्या तापमापकाचा आकडा ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातील तापमापकाचा २० टक्के आणि साध्या हवेचा १० टक्के धरतात. ओल्या कापडाला इतके वजन का, हे घाम वाळण्यासंबंधी वर जे लिहिले त्यावरून ध्यानात येईल.

उदाहरण घेऊ. एका दिवशी तापमान ४२ अंश आणि हवा कोरडी, आर्द्रता १५ टक्के. ओल्या कापडाचा तापमापक सुमारे २२ आणि काळा गोळा ५४ दाखवतो. दुसऱ्या दिवशी तापमान केवळ ३४ अंश, परंतु आर्द्रता ७५ टक्के. ओले कापड सुमारे ३० आणि गोळा ४४ दाखवतो. पहिल्या दिवसाचा डब्ल्यूबीजीटी सुमारे ३०.४ येतो आणि दुसऱ्याचा ३३.२. म्हणजे ज्या दिवशी सर्वांना हायसे वाटते, तो दिवस कामगाराच्या शरीराला सुमारे तीन अंशांनी अधिक कठीण असतो. माझ्या नोंदींत सर्वाधिक त्रास झालेले दिवस हे सर्वाधिक तापमानाचे दिवस नव्हते. ते पावसाळ्याआधीचे, ढगाळ, वारा पडलेले दिवस होते. आपण गेल्या दोन उन्हाळ्यांतील आजारपणाच्या तारखा त्या त्या दिवसाच्या आर्द्रतेशी ताडून पाहाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हे मोजणारे हातात मावणारे उपकरण मिळते. ते कार्यालयाच्या खिडकीत न ठेवता, सर्वांत वाईट परिस्थितीत काम करणारी टोळी जेथे असेल तेथे न्यावे.

कोणत्या आकड्याला थांबावे? आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७२४३ नुसार, उष्णतेला सरावलेल्या निरोगी कामगारासाठी संदर्भमूल्य मध्यम कामाला २८ आणि जड कामाला २६ आहे. न सरावलेल्यासाठी हेच आकडे २६ आणि २३ पर्यंत उतरतात. घाम बाहेर न सोडणारा रासायनिक संरक्षणाचा पोशाख असेल, तर मोजलेल्या आकड्यात आणखी सुमारे ११ अंश मिळवावे लागतात. पुष्कळ उष्ण प्रदेशांत हंगामाचे कित्येक महिने हे आकडे सकाळी नऊलाच ओलांडले जातात, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच व्यवस्थापक मानक वाचून ते अव्यवहार्य म्हणून बाजूला ठेवतात. तसे करू नये. हे आकडे ओलांडणे म्हणजे काम बंद असे नसून, त्यापुढे सलग काम चालणार नाही, विश्रांतीचा हिस्सा वाढवावा लागेल, असा त्यांचा अर्थ आहे. काही देशांनी आता कायद्यानेच आकडे ठरवले आहेत. कतारमध्ये २०२१ पासून ३२.१ च्या वर बाहेरचे सर्व काम थांबवावे लागते, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. जपानमध्ये जून २०२५ पासून २८ डब्ल्यूबीजीटी किंवा ३१ अंश तापमानात सलग एक तास किंवा दिवसात चार तासांहून अधिक काम असेल, तर लक्षणे कळवण्याची आणि उपचाराची व्यवस्था ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. मी स्वतः २८ ला सक्तीची विश्रांती सुरू करतो, ३० ला जड कामाचा वेळ तासातला निम्मा करतो आणि ३२ ला जड काम पूर्ण थांबवतो. न सरावलेल्यांसाठी प्रत्येक पायरी दोन अंश आधी येते.

सरावाचा हा मुद्दा मी जरा विस्ताराने मांडतो, कारण मृत्यू येथे होतात. उष्णतेत रोज थोडे थोडे काम केले की सात ते चौदा दिवसांत शरीर बदलते: घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. हा सराव एक-दोन आठवड्यांच्या खंडाने बराचसा नाहीसा होतो. अमेरिकेतील कामाच्या जागी झालेल्या उष्णताबळींच्या तपासांत असे आढळले की, जवळजवळ निम्मे मृत्यू कामाच्या पहिल्याच दिवशी आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात झाले होते. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे. जुना माणूस सुटीवरून परतला असेल, तर ५०, ६०, ८० आणि मग १०० टक्के असा क्रम धरावा, हा तेथील नियम मी गेली अनेक वर्षे वापरतो.

तो वापरू लागण्यामागे एक घटना आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कामावर सर्वांत दणकट मानला जाणारा तरुण गावाकडून तीन आठवड्यांनी परतला आणि मागे पडलेली मजुरी भरून काढण्यासाठी पहिल्याच दिवशी दुप्पट खडी उचलू लागला. त्या दिवशी तापमान ३६ च्या आसपास होते, आभाळ भरलेले होते, पाणी त्याच्यापासून वीस पावलांवर होते. दुपारी तीनच्या सुमारास तो सोबत्यांशी विनाकारण भांडू लागला. आम्हाला वाटले, थकव्याने चिडला आहे. तो वाचला, पण त्याच्या मूत्रपिंडांना झालेली इजा पूर्ण भरून निघाली नाही. त्याच्या वागण्यातला तो बदल हेच लक्षण होते आणि ते आमच्यापैकी एकालाही ओळखता आले नाही, याची बोच मला आजही आहे.

त्याने दुप्पट काम का केले, याचे उत्तर आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. त्याचे काम उक्ते होते. जितकी खडी, तितके पैसे. उष्णता वाढली की निरोगी माणूस आपोआप वेग कमी करतो. हे शरीराचे सर्वांत जुने आणि सर्वांत खात्रीचे संरक्षण आहे. उक्त्या दराची मजुरी नेमके तेच संरक्षण काढून घेते. त्यातच मुकादमाचे बक्षीस दिवसाच्या उत्पादनावर ठरत असेल, तर सावलीचा मंडप रिकामाच राहतो. आपण मंडप उभारला, पण त्यात बसलेल्या मिनिटांचे पैसे कोण देतो, हे आपल्या पत्रात नाही. ते मिनिट कामगाराच्या खिशातून जात असेल, तर तो तेथे बसणार नाही.

मध्य अमेरिकेतील ऊसतोडणी कामगारांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसताना मूत्रपिंडे निकामी होण्याची साथ गेल्या काही दशकांत पसरली, आणि मरणाऱ्यांत तरुण पुरुष मोठ्या संख्येने होते. कारणांवर अजून संशोधन चालू असले, तरी प्रखर उष्णतेत, उक्त्या दराने, वारंवार पाणी कमी पडलेल्या शरीराने केलेले जड काम हे त्यातील प्रमुख कारण मानले जाते. एल साल्वाडोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात एका टोळीला पाठीवर वाहायचे पाणी, हलवता येणारी सावली, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि सुधारित कोयता दिला गेला. उष्णतेची लक्षणे कमी झाली आणि दर माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. ही सगळी वाढ विश्रांतीची म्हणता येणार नाही, कारण अवजारही सुधारले होते. परंतु विश्रांतीने उत्पादन बुडते ही भीती खरी ठरली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. पुढे निकाराग्वातील अशाच प्रयत्नांत विश्रांती वाढवल्यावर मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण उतरल्याचे दिसले.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, ठरावीक आकड्याच्या वर उक्ता दर स्थगित करावा आणि त्या तासांची मजुरी मागील सरासरी कमाईप्रमाणे द्यावी. विश्रांती कामगाराने मागून घेण्याची गोष्ट असू नये. शिट्टी वाजावी आणि सर्व टोळीने, मुकादमासह, एकदम थांबावे. एकट्याने थांबणाऱ्याला आळशी ठरण्याची लाज वाटते. सर्व थांबले की ती लाज उरत नाही. मुकादमाच्या बक्षिसातून उष्ण महिन्यांपुरते उत्पादन वगळून टाकावे आणि काम थांबवण्याचा लेखी अधिकार जागेवरच्या एका नावानिशी ठरवलेल्या व्यक्तीला द्यावा, जिला त्यासाठी वरच्या कार्यालयात फोन करावा लागणार नाही.

पाण्याविषयी आपण बरेच केले आहे, तरी दोन-तीन गोष्टी सांगतो. दर १५-२० मिनिटांनी एक पेलाभर, म्हणजे सुमारे २०० ते २५० मिलिलिटर, ही सवय तहान लागल्यावर एकदम लिटरभर पिण्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. तासाला दीड लिटरहून अधिक पाणी पिऊ देऊ नये. नुसत्या पाण्याच्या अतिरेकाने रक्तातील सोडियम घसरते आणि तेही जिवावर बेतते. दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळणाऱ्याला क्षारांची भरपाई हवी, आणि ती जेवणातून होत नसेल तेथे जलसंजीवनी वापरावी. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घेऊन उन्हात काम करण्याची सवय कोठे असेल, तर ती बंद करावी, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात. आणि एक गोष्ट, जी पुरुष अधिकाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही: जवळ स्वच्छ, आडोशाचे स्वच्छतागृह नसेल, तर स्त्रिया दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाहीत. थंड पाण्याचे कितीही पिंप ठेवले तरी त्या पिणार नाहीत. मी पाण्याची तपासणी स्वच्छतागृहापासून सुरू करतो.

दुपारची सुटी उपयोगी आहे, परंतु तिच्यावर सर्व भार टाकू नये. दुपारी बंद ठेवलेले काम सकाळी अधिक वेगाने उरकले जात असेल, तर शरीरातील उष्णता आपण फक्त पुढे-मागे केली. पहाटे चारला काम सुरू करणाऱ्या टोळीची झोप मोजा. पत्र्याच्या निवाऱ्यात रात्रभर घामाघूम झालेला माणूस पहाटे आधीच थकलेला आणि पाणी कमी पडलेला असतो, आणि उष्णतेचा त्रास सलग तापलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतो तो यामुळेच. रात्रपाळी लावली तर प्रकाशाची कमतरता आणि झोपेची उधारी यांतून वेगळे अपघात होतात. माझ्या अनुभवात वेळ बदलण्याआधी निवारा थंड करणे, छताला चुना किंवा पांढरा रंग देणे, पंखे आणि वारा येण्याजोग्या खिडक्या देणे, यावर केलेला खर्च अधिक फळ देतो. कपड्यांबाबत थोडक्यात इतकेच की, सैल, फिकट, सुती आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. पंख्याच्या हवेला मात्र मर्यादा आहे: अतिशय तापलेल्या, कोरड्या हवेत अंग ओले केल्याशिवाय पंख्यासमोर बसवल्यास शरीर आणखी तापू शकते.

कोणी कोसळलाच, तर काय करायचे हे प्रत्येक टोळीतील किमान दोघांनी हाताने करून पाहिलेले असावे. त्वचा कोरडी पडली तरच उष्माघात, ही समजूत घातक आहे. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. बरळणे, विनाकारण चिडणे, पाय लटपटणे, साध्या प्रश्नाचे उत्तर न येणे, ही खूण मानावी आणि काखेतील तापमान कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नये. रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. आधी थंड करावे, मग हलवावे. ताडपत्रीवर झोपवून तिच्या कडा उचलून धराव्यात, त्यात बर्फ आणि पाणी ओतून अंगभर खळबळवत राहावे. बर्फ नसेल तर मिळेल ते पाणी सतत ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, आणि पॅरासिटामॉलचा येथे काही उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. अर्ध्या तासात शरीर ३९ अंशांच्या खाली आणणे हे ध्येय आहे. अमेरिकेतील फाल्मथ येथील धावण्याच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केले गेले आणि त्यांतील एकही दगावला नाही. आपल्या कामावर बर्फाची पेटी आणि ताडपत्री ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा मला ठाऊक नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न, जो आपण संकोचाने शेवटी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांच्या २०२५ च्या अहवालानुसार, डब्ल्यूबीजीटी २० च्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे कामगाराची उत्पादकता दोन ते तीन टक्क्यांनी घटते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये असा अंदाज वर्तवला की, २०३० पर्यंत जगातील एकूण कामाच्या तासांपैकी २.२ टक्के, म्हणजे ८ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके तास उष्णतेमुळे वाया जातील. म्हणजे ते तास आपण विश्रांती दिली नाही तरी जाणारच आहेत. फरक इतकाच की, ते आज नोंद न होता, कामगाराच्या शरीरातून आणि चुकलेल्या कामातून जात आहेत. निविदा भरताना आपण पावसाचे दिवस वेगळे धरतो आणि त्याबद्दल कोणी आक्षेप घेत नाही. त्याच रकान्याच्या खाली उष्णतेचे तास धरावेत: त्या जागेच्या गेल्या दहा वर्षांच्या तासागणिक हवामान-नोंदींवरून डब्ल्यूबीजीटी २८ च्या वर जाणारे तास मोजावेत, जुन्या सरासरीवर न विसंबता त्यांत वाढ धरावी, खोदाई आणि काँक्रीट ओतण्यासारखी जड कामे थंड महिन्यांत ओढून घ्यावीत आणि तापलेल्या महिन्यांसाठी यंत्राने किंवा सावलीत होणारी कामे राखावीत. पुढील कामाची निविदा आपण कधी भरणार आहात ते कळवल्यास, हे तास कसे मोजायचे याचा तक्ता मी आपल्याबरोबर बसून तयार करून देईन.